पुन्हा साथ आली, रस्ते बंद झाले तर ट्रायल साईट कशी सांभाळायची

२०२० ची आखाजी (अक्षय्य तृतीया) रविवारी होती. सोमवारी सकाळीच रावेरकडच्या एका आप्पांचा फोन आला, "ताई, गोया सरी ग्यात, आते काय करू?" (गोळ्या संपल्या, आता काय करू?) आप्पा आमच्याकडच्या शुगरच्या ट्रायलमधे, म्हणजे नवीन औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत होते. त्यांची गोळी कुठल्याच मेडिकलवर मिळणारी नव्हती, बाजारात आलेलीच नव्हती ती, जळगावात आमच्या साईटच्या, म्हणजे जिथे ट्रायल चालते त्या हॉस्पिटलच्या, कपाटात कुलुपात होती, आणि इकडे एसटी बंद, रेल्वे बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. साध्या शुगरच्या पेशंटला गावातला दुसरा डॉक्टर सापडतो, दुसरं दुकान सापडतं, पण ट्रायलच्या पेशंटचं औषध, तपासण्या, शंका सगळं आपल्यापाशीच येतं.

म्हणून हे लिहितेय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्या छोट्या साईट आहेत, एक पीआय (ट्रायलचे मुख्य डॉक्टर), एक-दोन कोऑर्डिनेटर, एक फ्रीज आणि एक कपाट एवढ्यावर चालणाऱ्या, त्यांच्यासाठी. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांना वेगळा रिसर्च विभाग असतो, वेगळा फार्मासिस्ट असतो, आपल्याकडे तीच ताई रक्त घेते, तीच कुरिअरला फोन करते, तीच रात्री डेटा भरते.

आधी तारखा बघा. ३० जानेवारी २०२० ला भारतात कोरोनाचा पहिला पेशंट सापडला आणि त्याच दिवशी डब्ल्यूएचओने आरोग्य आणीबाणी जाहीर केली. ११ मार्चला महामारी म्हणाले. २४ मार्चच्या रात्रीपासून लॉकडाऊन. म्हणजे जवळजवळ आठ आठवडे हातात होते आणि आम्ही ते बातम्या बघण्यात घालवले. आता आमच्याकडे ठरलेलं आहे, नवीन साथीची देशात पहिली केस आली की त्याच आठवड्यात खाली सांगितलेली यादी, तिचे ढीग आणि औषधासाठी स्पॉन्सरला मेल ही तीन कामं करायची, रस्ते बंद व्हायची वाट बघायची नाही. साथ नाही पसरली तर बरंच झालं, काम वाया जात नाही.

यादी

एक वही घ्या, कॉम्प्युटरवर नको, कारण हॉस्पिटल सील झालं तर कॉम्प्युटर आत राहतो (वही घरी न्यायची तर त्यात नाव लिहू नका, सब्जेक्ट नंबर, म्हणजे पेशंटला ट्रायलमधे दिलेला नंबरच लिहा, नाव-नंबरची जोडणी वेगळी, पीआयकडे). प्रत्येक पेशंटसमोर लिहा: गाव, पुढची विझिट कधी, घरात किती दिवसाचं औषध शिल्लक आहे, गोळी की इंजेक्शन, फ्रीज लागतो का, घरात दुसरा कोणाचा फोन, आणि त्रास झाला तर जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं.

"किती दिवसाचं शिल्लक" हे कागदावरून काढू नका, फोन करून मोजायला लावा. आमच्या लॉगप्रमाणे आप्पांकडे अजून आठवड्याभराच्या गोळ्या असायला हव्या होत्या. नंतर कळलं की एक पाकीट शेतात पडलं होतं आणि त्यांनी ते संकोचून सांगितलं नव्हतं. रागावू नका अशा वेळी, रागावलं की पुढच्या वेळी सांगत नाहीत.

मग यादीचे तीन ढीग करा. दहा दिवसांच्या आत औषध संपणारे पहिले. ज्यांची सुरक्षेची तपासणी, म्हणजे लिव्हर, किडनी, पोटॅशियम, हिमोग्लोबिन असलं काही, वेळेवर झालीच पाहिजे ते दुसरे. ज्यांचा फक्त फॉलोअप राहिलाय ते तिसरे, त्यांचं फोनवर भागतं. आणि नवीन पेशंट घेणं पीआयशी बोलून थांबवा. जे आत आहेत त्यांना औषध पोचवता येत नसताना नवीन माणूस आत घेणं मला तरी पटत नाही, स्पॉन्सरने, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या कंपनीने, टार्गेटची कितीही आठवण करून दिली तरी.

औषध पोचवणं

हे सगळ्यात अवघड काम, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साथीची पहिली बातमी आली की स्पॉन्सरला मेल करा की एका विझिटच्या जागी दोन विझिटचं औषध द्यायला परवानगी द्या. सगळ्या औषधांना ते जमत नाही, काहींना प्रत्येक वेळी आधी रक्त बघूनच पुढचा डोस द्यायचा असतो, तिथे अजिबात आग्रह धरू नका. पण ज्याला जमतं त्याला वेळेत विचारा.

रस्ते बंद झाल्यावर घरी औषध पोचवायचं तर आधी स्पॉन्सरचं लेखी उत्तर, एथिक्स कमिटीला (पेशंटचं हित बघून ट्रायलला मंजुरी देणारी समिती) कळवणं, आणि पेशंटची फोनवर परवानगी, ही तिन्ही हवीत. परवानगी कशाला, तर त्याचा पत्ता आणि तो ट्रायलमधे आहे ही गोष्ट आपण तिसऱ्या माणसाला कळवणार असतो. शेजारपाजारी कळावं असं प्रत्येकाला वाटत नाही, गावात तर नाहीच, आणि त्या दिवसात दारात हॉस्पिटलची गाडी उभी राहिली की गल्लीभर चर्चा व्हायची. आप्पांनी स्वतःच सांगितलं, गाडी घरापाशी आणू नका, सावद्याला पोरगा येईल.

आम्हाला किती जणांनी सुचवलं की केळीच्या ट्रकवाल्याकडे दे ना पाकीट, त्यांच्या गाड्या चालू आहेत. खरंच चालू होत्या आणि ती माणसं विश्वासाचीच होती. पण एप्रिल संपता संपताचं आपल्याकडचं ऊन, डॅशबोर्डवर पाकीट ठेवलं की गोळीचं काय होईल सांगता येत नाही, आणि पाकीट कोणाच्या हातून कोणाकडे गेलं याची सही नाही. शेवटी हॉस्पिटलच्या गाडीने मी आणि ड्रायव्हर दादा गेलो, थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक, पॅक आणि पाकिटाच्या मधे पुठ्ठा (नाहीतर गोळी जास्त थंड होते, तेही चालत नाही), आत डेटा लॉगर (तापमानाची सतत नोंद ठेवणारं यंत्र). सावद्याला निंबाच्या सावलीत आप्पांच्या मुलाने सही केली, मी किट नंबर त्याला मोठ्याने वाचून दाखवला, त्याने परत वाचला, रिकाम्या स्ट्रिपा एका पिशवीत बांधून आणल्या होत्या त्या मोजून घेतल्या. लॉगर परत आणून डाउनलोड केला आणि फाईलला लावला. एवढं सगळं एका पाकिटासाठी, पण दीड वर्षाने ऑडिट झालं तेव्हा याच डिलिव्हरीबद्दल एकही प्रश्न आला नाही.

दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पास लागायचा, तेव्हा पोलिसांचा ई-पास होता. त्यासाठी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एक पत्र आधीच तयार ठेवा, की हा कर्मचारी संशोधनातल्या पेशंटचं अत्यावश्यक औषध नेतो आहे. पेशंटचं नाव त्यात घालू नका.

ऊन आणि लाईट

हे आपल्याकडचं खास दुखणं. पुण्या-मुंबईच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, याचा विचार नसतो. भुसावळ-जळगावचा मे महिना, ४४-४५ डिग्री, आणि औषधाच्या पाकिटावर लिहिलेलं की २५ च्या खाली ठेवा. लॉकडाऊनमधे एका शनिवारी रात्री लाईट गेली, एसी बंद पडला, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि रोज सकाळी रीडिंग घेणारी मुलगी कंटेनमेंट झोनमधे अडकलेली. मी सोमवारी कपाट उघडलं तर लॉगरवर ३४.

अशा वेळी तीन गोष्टी. ती पाकिटं वेगळ्या खोक्यात काढा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा की द्यायची नाहीत. फेकू नका. लॉगरचा पूर्ण ग्राफ स्पॉन्सरला पाठवा, किती वेळ किती तापमान होतं तो. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत एक गोळीही बाहेर द्यायची नाही. आमच्या काही पाकिटांना परवानगी मिळाली, काही बाद झाली, आणि ती बाद झालेली ज्यांची होती त्यांना आठ दिवस औषधाशिवाय काढावे लागले. ते मला अजून लागतं मनाला. त्यानंतर आम्ही औषधाची खोली जनरेटरच्या लाईनवर घेतली, फोनवर मेसेज येणारा लॉगर बसवला, आणि कपाटाची दुसरी किल्ली हॉस्पिटलपासून चालत येऊ शकेल अशा माणसाकडे दिली. त्या माणसाचं नाव डेलिगेशन लॉगवर (कोणाला कुठलं काम दिलंय ती यादी) हवं आणि त्याचं ट्रेनिंगही आधी झालेलं हवं, नुसती किल्ली देऊन चालत नाही.

फोनवरची विझिट

नुसतं "कसे आहात, बरं आहे ना" विचारून भागत नाही, आपल्याकडे माणूस "हाव, बरं शे" म्हणूनच सुरुवात करतो. नंतर कळतं की चार दिवस उलट्या होत होत्या. ठरलेले प्रश्न लिहून ठेवा: झोप, जेवण, चक्कर, श्वास, लघवी, ताप, दुसरं कुठलं औषध सुरू केलं का, कुठल्या दवाखान्यात गेलात का. काढा, गावठी औषध हेही विचारा, त्या काळात घरोघरी चालू होतं, आणि ते काँकमिटंट औषधाच्या, म्हणजे ट्रायलबरोबर चालू असलेल्या इतर औषधांच्या, पानावर जायला हवं. घरातल्या बाईशी किंवा सुनेशी एकदा बोला, पेशंटच्या परवानगीने, खरी माहिती तिथून येते.

फोन कधी केला, कोण बोललं, काय सांगितलं, हे त्याच वेळी लिहा, सही आणि वेळ टाकून. रात्री आठवून लिहायचं म्हटलं की दोन पेशंटचं एकमेकात मिसळतं, माझं झालेलं आहे.

तपासणी राहिली असेल तर तालुक्याच्या लॅबमधून करता येते का ते स्पॉन्सरला विचारा. लॅबच्या नॉर्मल रेंजचा कागद आणि सर्टिफिकेट मागून घ्यायला विसरू नका. सेंट्रल लॅबचे (सगळ्या साईटचे सॅम्पल तपासणारी एकच लॅब) आकडे आणि इथले आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत हे खरं, पण सुरक्षेसाठी पोटॅशियम कळणं महत्त्वाचं.

सॅम्पलचं थोडक्यात सांगते. २५ मार्च ते २४ मे २०२० देशातली प्रवासी विमानं बंद होती, कुरिअर बंद, ड्राय आईस मिळेना. जे सॅम्पल पोचणारच नाही ते पेशंटच्या हातातून काढू नका, उगाच सुई टोचायची नाही. जे गोठवून ठेवता येतं ते ठेवा, पण फ्रीजरच्या तापमानाची नोंद रोज हवी. आणि किटची एक्सपायरी बघा, लॉकडाऊन संपेपर्यंत आमचे अर्धे किट तारखेबाहेर गेलेले होते.

ॲडमिट झाला तर

ट्रायलमधला पेशंट कोरोनाने ॲडमिट झाला, तरी ते एसएईच, म्हणजे कळवावीच लागणारी गंभीर घटना आहे. औषधाचा संबंध आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. २०१९ च्या ट्रायलच्या नियमांप्रमाणे पीआयला घटना घडल्यापासून २४ तासात सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी तिघांना कळवावं लागतं, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. पण आपल्याला कळणार कसं? पेशंट धुळ्याच्या नाहीतर नंदुरबारच्या कोविड सेंटरला, फोन उशाखाली बंद, नातेवाईक बाहेर. म्हणून प्रत्येकाच्या आधार कार्डच्या पाकिटात आपलं ट्रायलचं कार्ड घालून द्या, मराठीत, त्यावर चोवीस तास उचलला जाणारा एकच नंबर. आणि घरच्यांना सांगून ठेवा, ॲडमिट करताना हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. तिथल्या डॉक्टरांना आपलं औषध आणि त्यांचं औषध एकत्र चालतं का हे कळणं जिवाच्या दृष्टीने गरजेचं आहे. आम्हाला एक बातमी चक्क बारा दिवसांनी कळली, मुलाने सहज सांगितली. तारीख जशी कळली तशी लिहिली, कारण लिहिलं, काही लपवलं नाही.

एथिक्स कमिटी आणि डेव्हिएशन

कमिटीच्या बैठकीच्या कोरमला, म्हणजे गणसंख्येला, किमान पाच जण लागतात, त्यात कायद्याचा जाणकार आणि वैद्यकाबाहेरचा सामान्य माणूसही हवा. आपल्याकडे वकील साहेब एका तालुक्यात, सामान्य सदस्य म्हणून असलेले गुरुजी दुसऱ्या. आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) एप्रिल २०२० मधे कोविड काळासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात ऑनलाईन बैठक चालेल असं सांगितलं, तेव्हा कुठे गाडी हलली. गुरुजींच्या गावात रेंज नव्हती, ते पाण्याच्या टाकीवर चढून बैठकीला बसले, आणि पेशंटच्या बाजूने सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच होता: औषध नाही पोचलं तर त्याला जुनं औषध सुरू करायला कोण सांगणार? ऑनलाईन बैठकीची एसओपी आजच करून ठेवा आणि एकदा सगळ्यांना लिंक पाठवून खरंच जुळतं का बघा.

पेशंटला तातडीचा धोका टाळायला प्रोटोकॉल (ट्रायलचा ठरलेला आराखडा) मोडावा लागला तर आधी मोडा, मग लगेच कळवा, जीसीपीत, म्हणजे ट्रायल नीट करायच्या नियमावलीत, ती मुभा आहे. बाकी प्रत्येक डेव्हिएशन, म्हणजे प्रोटोकॉलपेक्षा वेगळं झालेलं काहीही, लिहा. सीडीएससीओने ३० मार्च २०२० ला नोटीस काढली होती, तिचाही सूर तोच होता, पेशंटची सुरक्षा आधी आणि जे बदललं त्याची नोंद.

नोंद करताना सगळ्यावर "कोविडमुळे" असा एकच शिक्का मारू नका. पेशंट स्वतः आजारी होता, रस्ता बंद होता, साईट बंद होती, की तो भीतीने आला नाही, ही चार वेगळी कारणं आहेत आणि स्टॅटिस्टिशियन (आकडेवारी मांडणारा) त्यांचा वेगवेगळा विचार करतो. आम्ही सुरुवातीला एकच शब्द लिहिला, नंतर जुन्या नोंदी उकरत बसलो.

मॉनिटर, म्हणजे स्पॉन्सरकडून नोंदी तपासायला येणारा माणूस, येऊ शकत नाही म्हणून कागद मागतो. व्हॉट्सॲपवर केसपेपरचे फोटो पाठवू नका, कोणी कितीही घाई केली तरी. नाव, पत्ता, फोन झाकून, सब्जेक्ट नंबर घालून, ठरलेल्या सुरक्षित पोर्टलवरच.

वॉर्डात नवीन ट्रायल

साथीत जुन्या ट्रायल थांबतात आणि साथीच्याच औषधांच्या ट्रायल येतात, तिथे छोट्या साईटचाही हात लागतो. आयसीएमआरची प्लाझ्माची (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव पेशंटला देण्याची) ट्रायल देशभरातल्या ३९ हॉस्पिटलांत झाली, ४६४ पेशंट, आणि त्यातून कळलं की प्लाझ्माने मृत्यू किंवा आजार गंभीर होणं कमी होत नाही. इकडे लोक रात्र रात्र प्लाझ्मासाठी ग्रुपवर मेसेज टाकत होते, दागिने मोडत होते. उलट इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मधेच दाखवलं की स्वस्तातलं डेक्सामेथासोन व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं. त्यांचे फॉर्म छोटे होते, वॉर्डातल्या दमलेल्या डॉक्टरला भरता येतील एवढे. नवीन ट्रायल घेताना हेच बघा, फॉर्म किती पानांचा आहे आणि आपल्याकडे माणसं किती.

कन्सेंटची, म्हणजे पेशंटच्या लेखी संमतीची, मात्र घाई नको. ऑक्सिजनवर धापा टाकणारा माणूस सतरा पानं वाचू शकत नाही, नातेवाईक काचेपलीकडे. आधी तोंडी, हळू, दोन वेळा सांगा, फोन स्पीकरवर ठेवून घरच्यांना सामील करा, कायदेशीर प्रतिनिधी कोण ते लिहा. वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार लागतोच, आणि तो ट्रायलच्या टीमचा नसावा. धडगाव, अक्कलकुव्याकडचे पेशंट असतील तर मराठी फॉर्म त्यांना पुरत नाही, पावरी किंवा भिली बोलणारा माणूस आधीच शोधून ठेवा. सही झालेला कागद वॉर्डातून बाहेर आणायची पद्धत ठरवून कमिटीकडून मंजूर करून घ्या, आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाजूला ठेवायचो आणि मगच फाईलला लावायचो.

पैसा आणि माणसं

याबद्दल कोणी बोलत नाही. साईटला पैसे विझिटप्रमाणे मिळतात. विझिट बंद म्हणजे पैसे बंद, आणि काम दुप्पट. आमच्या दोन मुली त्या उन्हाळ्यात सोडून गेल्या, एकीला कोविड वॉर्डात ड्युटी लागली, एकीचा पगार तीन महिने थकला. त्यांच्याबरोबर पेशंटची ओळख गेली, कोणाचा फोन कुठल्या वेळी लागतो, कोणाला सुईची भीती आहे, हे कुठल्या फाईलमधे नसतं. म्हणून पुढचा करार करताना तीन ओळी घालून मागा: फोनवरच्या विझिटचे पैसे, औषध घरी पोचवण्याचा खर्च, आणि ट्रायल थांबली तरी कागद व औषध सांभाळायचा महिन्याचा आकडा. मिळतात, मागितले की. दोन महिन्यांचा पगार बाजूला काढून ठेवता आला तर फार बरं.

पुन्हा सुरू करताना एकदम सगळ्यांना बोलावू नका. आधी वजनकाटा, बीपी मशीन, सेंट्रीफ्यूज, लॉगर यांचे कॅलिब्रेशनचे (यंत्र बरोबर मोजतं का त्याच्या तपासणीचे) कागद बघा, बंद काळात तारखा उलटून जातात. मग औषधाचा हिशोब जुळवा. मग पेशंट, दिवसाला दोन-तीनच, लांबचे सकाळी, म्हणजे उन्हाच्या आत घरी पोचतील.

आप्पा सप्टेंबरात आले. मास्कवरून उपरणं गुंडाळलेलं, पिशवीत सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा, प्रत्येकीवर पेनाने तारीख घातलेली, जिथे गोळी चुकली तिथे फुली. एवढी स्वच्छ नोंद आमच्याकडच्या सोर्समधेही, म्हणजे मूळ नोंदींच्या कागदातही नव्हती. तेव्हापासून पहिल्याच विझिटला प्रत्येक पेशंटला आम्ही पेन देतो आणि स्ट्रिपवर तारीख कशी घालायची ते दाखवतो. आणि दर महिन्याच्या एक तारखेला यादीतला प्रत्येक नंबर लावून बघतो, दर वेळी दोन-तीन तरी बदललेले निघतात.